डिस्चार्ज कार्डावरचा संकेतांक

रुग्णालयातून घरी निघताना हाती पडणाऱ्या डिस्चार्ज कार्डावर आजाराच्या नावाशेजारी पुष्कळदा एक इंग्रजी अक्षर आणि दोन-तीन अंक असतात. विमा कंपनीचे काहीतरी असेल, असे समजून आपण ते सोडून देतो. हा जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणातील संकेतांक. या वर्गीकरणाचा उगम १८९३ सालच्या एका यादीत आहे. ती होती मृत्यूंच्या कारणांची. आज तिचा वंशविस्तार जिवंत माणसांच्या कागदांवर वावरतो.

माझ्या रुग्ण असलेल्या एका निवृत्त शिक्षिकेची डावी पोटरी खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या आठवड्यात सुजली. घरी तेल कोमट करून चोळण्याची तयारी झाली होती. ती थांबवून मी डॉपलर तपासणी करायला लावली. (अशी सूज तपासणीआधी कधीही चोळू नये.) गुडघ्यामागच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी निघाली. रुग्णालयात इंजेक्शने झाली, रक्त पातळ करणारी गोळी सुरू झाली. उपचार चोख होते. कार्डावर मात्र ‘डाव्या पायाला सूज’ एवढेच उतरले आणि त्यापुढे आर ६०.०, म्हणजे स्थानिक सूज. वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत पायाच्या खोल शिरेतील गुठळीसाठी आय ८०.२ हा संकेतांक आहे. सूज हे लक्षण, गुठळी हा आजार. संकेतांक भरणाऱ्या कर्मचाऱ्याला मी दोष देणार नाही; डॉक्टरांनी जे लिहिले, त्यापलीकडे त्याला जाता येत नाही.

महिन्याभराने बाई लेकीकडे परगावी गेल्या. तिथल्या डॉक्टरांनी कार्ड पाहिले, सूज ओसरलेली पाहिली आणि विचारले, “आजी, ही गोळी अजून कशासाठी घेता?” गोळी परस्पर बंद न करता त्यांनी विचारले, हे फार बरे झाले. लेकीने मला फोन केला. डॉपलरचा अहवाल माझ्याकडे होता. गोळी चालू राहिली. शस्त्रक्रियेनंतरच्या अशा गुठळीसाठी ती साधारणतः किमान तीन महिने घ्यावी लागते. मध्येच खंड पडला, तर गुठळी वाढून तिचा तुकडा फुप्फुसात जाऊ शकतो. अचानक धाप लागली, छातीत दुखू लागले किंवा खोकल्यातून रक्त पडले, तर कार्ड शोधत न बसता तडक रुग्णालय गाठावे.

डिस्चार्जच्या दिवशी बिलाची आणि गाडीची घाई असते, हे मी जाणतो. तरीही निघण्यापूर्वी पाहावे: आजाराचे पूर्ण नाव, कोणता पाय, कोणती शीर, गुठळी नवी की जुनी, गोळी कोणत्या तारखेपर्यंत. मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्यांना तर हे विशेष उपयोगी. तिथे उजव्या व डाव्या पायाचे, नव्या व जुन्या गुठळीचे संकेतांकही निराळे आहेत.

बाईंना रुग्णालयाने विनातक्रार नवे कार्ड दिले. जुन्यावरची चूक त्यांनी आधीच लाल शाईने अधोरेखित करून पाठवली होती.