हातात काय आहे?

आमच्या बोरीवलीच्या सोसायटीतला एक जण ऑफशोअरला, म्हणजे समुद्रातल्या तेलाच्या रिगवर कामाला आहे. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी. निघायच्या दिवशी पहाटेची लोकल, पार्ल्याला उतरून रिक्षा, मग हेलिकॉप्टरसाठी जुहू विमानतळ. तिथे बॅगेबरोबर माणसाचंही वजन होतं, लाइफ जॅकेट चढतं, सूचनांचा व्हिडिओ लागतो. "पाठ झाला होता," तो म्हणतो. "२०२२नंतर परत नीट बघायला लागलो."

*

२८ जून २०२२. पवनहंसचं सिकोर्स्की एस-७६डी हेलिकॉप्टर 'सागर किरण' रिगवर उतरायच्या बेतात असताना समुद्रात गेलं. आत नऊ जण. फ्लोटर फुगले, रिगची लाइफबोट धावली, तरी चौघे गेले. १३ जानेवारी २०१८ला डहाणूजवळ पवनहंसचंच डॉफिन हेलिकॉप्टर पडलं, तेव्हा सातांपैकी एकही वाचला नाही.

*

लोकलच्या मार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. तरी बोरीवली फास्टच्या दारात लटकणारा बिनधास्त असतो, कारण दांडा त्याच्या मुठीत असतो. हेलिकॉप्टरात मुठीत काहीच नाही. अशा माणसाला आकडेवारीनं धीर देऊ नये.

*

गोव्यात बेतूलला ओएनजीसीचं सी सर्व्हायव्हल सेंटर आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये उद्घाटन झालं. अशा प्रशिक्षणात हेलिकॉप्टरचा सांगाडा माणसांसकट तलावात बुडवून उलटा करतात. इंजिन आणि गिअरबॉक्सचं ओझं वर असल्यानं खरं हेलिकॉप्टरही पाण्यात बहुधा पालथंच होतं. एक हात खिडकीच्या चौकटीवर, दुसरा पट्ट्याच्या बकलवर. सगळं हलायचं थांबेपर्यंत बसून राहायचं. नाकात पाणी जातं, जाऊ द्यायचं. मग खिडकी ढकलायची आणि त्यानंतरच पट्टा सोडायचा. आधी सोडलात तर अंग तरंगतं, वर कुठे नि खाली कुठे कळेनासं होतं, ढकलायला जोरही मिळत नाही.

इथे मुठीत काहीतरी येतं.

*

उत्तर समुद्रात ऑगस्ट २०१३मध्ये शेटलंडजवळ सुपर प्यूमा हेलिकॉप्टर पडून चौघे गेले. ब्रिटिश नियामकानं त्यानंतर प्रवाशांचे खांदे मोजायला लावले. रुंद खांद्यांच्या माणसाला मोठ्या खिडकीशेजारचीच जागा. किती साधी गोष्ट! २०१६मध्ये नॉर्वेत गिअरबॉक्स फुटून त्याच घराण्यातल्या हेलिकॉप्टरचा रोटरच निघून गेला, तेरा मेले. त्यावर आलेली बंदी पुढे उठली, पण तेलकामगारांना ते मॉडेल नकोच होतं आणि तिथल्या कंपन्यांनीही ते परत आणलं नाही.

*

आपल्याकडे चौकशीचा अहवाल निघतो, पण इंग्रजीत आणि इंजिनिअरच्या भाषेत. त्याच हेलिकॉप्टरनं जाणारा कंत्राटी वेल्डर किंवा गॅलीतला स्वयंपाकी तो कधी वाचणार? आमच्या सोसायटीतल्या त्या ऑफशोअरवाल्याला त्याच्या आईनं अपघाताबद्दल विचारलं होतं, "नक्की काय बिघडलं होतं रे?" त्याला सांगता आलं नाही.

मागच्या वेळी काय चुकलं आणि तेव्हापासून काय बदललं, एवढंच मराठी-हिंदीत लिहिलेला एक कागद. व्हिडिओ लावायच्या आधी प्रत्येकाच्या हातात द्यावा, वाचता येत नसेल त्याला वाचून दाखवावा. आणि एखाद्या अपघाताचं कारण अजून सापडलं नसेल, तर तेही त्यात असावं.