सुईदोऱ्याने सुटतो मनाचा गुंता

विणकाम, भरतकाम म्हणजे रिकामपणचा उद्योग नव्हे. थकलेल्या मनाला मिळणारा तो हक्काचा विसावा आहे.

तंजावरला स्वेटर लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे थोडा गारवा येतो, एवढीच काय ती थंडी. मग तिथल्या बायकांनी सुई हातात घ्यायची ती कशासाठी? पण या गावाचे सुईदोऱ्याशी असलेले नाते थंडीवर अवलंबून नाही.

कावेरीकाठच्या या मुलखात देवळाचे रथ सजवताना 'तोंबै' टांगतात. रंगीत कापडाच्या आकृत्या दुसऱ्या कापडावर शिवून केलेल्या या लांब, गोल झालरी असतात. तोरणे आणि छतेही अशीच शिवली जातात. घरातल्या बायकांचे हातही रिकामे नसतात. कुणी मोगऱ्याचे गजरे गुंफते, कुणी प्लॅस्टिकच्या रंगीत वायरच्या पिशव्या विणते, तर कुणी नवरात्रातल्या कोलूच्या बाहुल्यांसाठी क्रोशाचे रुमाल करते. १६७६ ते १८५५ या काळात इथे मराठ्यांचे राज्य होते. त्या काळापासून इथे राहिलेल्या मराठी घरांतही कोलू मांडला जातो.

हात चालतात, मन थांबते

दुपारची वेळ. मुले नोकरीसाठी चेन्नईला नाहीतर परदेशी, नवरा कामावर, घर सुनेसुने. अशा वेळी मनात नको ते विचार घोळू लागतात. मुलाचा फोन का आला नाही? सासूबाईंच्या औषधांचा खर्च कसा भागवायचा? हातात क्रोशाची सुई असली, तर लक्ष टाके मोजण्याकडे लागते. तीन खांब, एक साखळी, पुन्हा तीन खांब. मोजणी चुकली तर वीण बिघडते, म्हणून मन भरकटत नाही.

अमेरिकेतले डॉक्टर हर्बर्ट बेन्सन यांनी १९७५ मध्ये दाखवून दिले, की एखादा शब्द किंवा हालचाल शांतपणे पुन:पुन्हा केली की श्वास संथ होतो, नाडीची धावपळ कमी होते, शरीराचा ताण सैलावतो. जपमाळ ओढणाऱ्या आजीला हे पुस्तक न वाचताच ठाऊक होते. विणकामातही तीच लय असते.

२०१३ मध्ये ब्रिटनमधल्या एका नियतकालिकात साडेतीन हजारांहून जास्त विणकाम करणाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. जे वारंवार विणत होते, त्यांनी आपल्याला अधिक शांत आणि आनंदी वाटते असे सांगितले. अर्थात हे त्यांचे स्वत:चे सांगणे आहे, औषधाची चाचणी नव्हे. सतत उदास वाटत असेल, झोप उडाली असेल, तर डॉक्टरांकडेच जायला हवे. सुई ही सोबत आहे, उपचार नव्हे.

विणकामाचा आणखी एक गुण म्हणजे चुकलेले उसवता येते. संसारात बोललेला शब्द मागे घेता येत नाही. लोकरीची चुकलेली ओळ मात्र उसवून पुन्हा विणता येते, आणि दोरा वाया जात नाही.

'नुसती बसलीस काय?'

खरी अडचण घरातच असते. बाई जरा टेकली की कुणीतरी विचारतेच, 'नुसती बसलीस काय?' म्हणून कित्येक जणी विश्रांतीलाही कामाचे रूप देतात. हातात भरतकाम असले की कुणी बोलत नाही. पण मग त्याच हातांकडून नातवाची कुंची, नणंदेचा टेबलक्लॉथ, शेजारणीचे तोरण यांची मागणी सुरू होते. तारीख ठरली की विसावा संपला आणि ताण आला. नगावर मजुरी घेऊन रात्री उशिरापर्यंत टाके घालणाऱ्या बाईला विचारा. तोच टाका तिची मान आणि डोळे दुखवतो.

म्हणून रोज अर्धा तास तरी असे काहीतरी विणा, जे कुणाला द्यायचे नाही, ज्याची कुणाला घाई नाही.

एवढे सांभाळा

उजेड डाव्या खांद्यावरून येईल असे बसा. डावखुऱ्या असाल तर उजव्या. पाठीला आधार घ्या. वीस-पंचवीस मिनिटांनी काम खाली ठेवून बोटे ताणा, दूरच्या झाडाकडे पाहा. सांधे दुखत असतील तर जाड, हलक्या सुया वापरा. मधुमेह असेल तर अंगुस्तान जरूर घाला, बोटाला टोचलेले लवकर लक्षात येत नाही. गरम हवेत लोकर हाताला चिकटते, तेव्हा सुती दोरा बरा.

डोळ्यांकडे मुळीच दुर्लक्ष नको. याच तंजावरच्या सरफोजी (दुसरे) राजांनी धन्वंतरी महालात नेत्ररुग्णांवर उपचार केले आणि त्यांच्या डोळ्यांच्या चित्रांसह नोंदी ठेवल्या. दोनशे वर्षांपूर्वी एका राजाने डोळ्यांची एवढी काळजी घेतली, तर आज आपण चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला आळस का करावा?

घरातल्यांनीही एक करावे. ती दोरा घेऊन बसली, की चहा मागण्याआधी तिची ओळ पुरी होऊ द्यावी. जमल्यास तिचाही कप आपणच भरून आणावा.