जगलं कोण?

ज्यांच्यामुळे माझी प्रवाळं वाचली, त्या काकांनी तोवर जिवंत प्रवाळ पाहिलं नव्हतं. पाणी मात्र जन्मभर पाहिलं होतं. मुंबईत पिण्याचं पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत ते रसायनतज्ज्ञ म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. त्यांची लेक न्यू जर्सीत आमच्या शेजारी राहायची, तिच्याकडे ते सहा महिन्यांसाठी आले होते. लेक-जावई कामावर गेले की त्यांना दिवस खायला उठे. मी घरून काम करणारी. अकराच्या चहाला ते आमच्याकडे येऊ लागले आणि दिवाणखान्यातल्या टँकसमोरची खुर्ची त्यांची झाली.

टँकमध्ये प्रवाळं वाढवण्याचा हा छंद मला भारतात करता आला नसता. तिथे दगडी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ आहे त्याच यादीत. अमेरिकेत लोक एकमेकांच्या टँकमधल्या फांद्या छाटून नेतात, वाढवतात, पुन्हा वाटतात. पेरभर फांदी दगडाला चिकटवली की पुढे तिचं झुडूप होतं. माझ्या टँकमधलं जवळजवळ प्रत्येक प्रवाळ असं कुणाच्या तरी घरून आलेलं होतं. ते मरायला लागलं तेव्हा प्रश्न नुसता पैशांचा नव्हता.

सुरुवात अ‍ॅक्रोपोरा या फांद्यांच्या प्रवाळापासून झाली. बुडख्याशी पांढरा पट्टा दिसायचा आणि हळूहळू वर चढत जायचा. चाचण्या मात्र सगळ्या बरोबर येत होत्या. क्षारता हजारी ३५, अल्कलिनिटी ८.२ डीकेएच, कॅल्शियम ४३०, मॅग्नेशियम १३४०, नायट्रेट ५, तापमान २५.५ अंश. कागदावर माझा टँक धडधाकट होता. ज्याला विचारावं तो निराळा उपाय सांगे. मीठ बदला, दिवे मंद करा, प्रवाळं औषधात बुडवून काढा, निम्मं पाणी उपसा.

काकांनी आधी सगळं थांबवायला लावलं. "अगं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चार बदललीस आणि बरं वाटलं, तर कशाने ते कळणार नाही. बिघडलं तरी कळणार नाही." नातवाची एक कोरी वही त्यांनी मागून आणली, पट्टीने रकाने आखले आणि माझ्या पुढ्यात ठेवली. मग प्रश्न सुरू झाले.

"मेलं म्हणजे नक्की काय झालं?"

"पांढरं पडलं."

"कातडी पांढरी पडली, की कातडी सुटली?"

प्रवाळ न पाहिलेल्या माणसाने नेमका हाच प्रश्न विचारावा याचं मला आजही नवल वाटतं. प्रवाळाचं पांढरेपण दोन तऱ्हांचं. पाणी तापलं, उजेड फार झाला, तर त्याच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल निघून जातं. रंग जातो, पण पारदर्शक मांस तसंच असतं आणि त्यातून ते पुन्हा सावरू शकतं. दुसऱ्या तऱ्हेत मांसच सुटून येतं आणि उघडा सांगाडा उरतो. भिंग लावून पाहिलं, तर आमचं दुसरं होतं. उष्णता आणि दिवे संशयितांच्या यादीत खाली गेले. बुडख्याशी चपट्या कृमींची तपकिरी अंडी किंवा फांद्यांवर त्यांनी खाल्ल्याचे गोल ठिपके आहेत का, तेही शोधलं. काही नव्हतं.

मग काकांनी त्यांचा ठेवणीतला प्रश्न काढला. "आता सांग, जगलं कोण?"

त्यामागे त्यांची एक आवडती गोष्ट होती. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात कॉलरा पसरला. डॉ. जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा दांडा काढायला लावला आणि पुढे मृत्यूंचा नकाशा काढला, हे पुष्कळांना ठाऊक असतं. काकांना त्यातली वाचलेली माणसं महत्त्वाची वाटत. पंपाला लागून बिअरचा एक कारखाना होता. तिथल्या कामगारांना रोज बिअर मिळे, पंपाच्या पाण्याकडे ते फिरकत नसत, आणि ते तगले. जवळच गरिबांच्या आसरागृहात ५३५ माणसं होती. कॉलऱ्याने त्यांतली पाचच गेली, कारण त्यांची विहीर वेगळी होती. काका म्हणायचे, "मेलेला सांगतो की विष आहे. ते कुठे नाही, हे जगलेलाच सांगतो."

मी वहीत जगलेल्यांचा रकाना भरला. मासे सगळे ठणठणीत. मऊ मशरूम प्रवाळं जरा आखडलेली, पण जिवंत. आणि तो रकाना भरताना जे मी वेगवेगळं पाहत आले होते ते एका पानावर आलं. साफसफाई करणारी कोळंबी मेली होती. काचेवर चिकटणारे शंख गळून वाळूत पडत होते. मासे जगतात आणि कोळंबी, शंख, प्रवाळ मरतात, असं कशाने होतं? याचं उत्तर मला माहीत होतं, फक्त ते कुणी विचारलं नव्हतं. सागरी माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांबं हेच औषध आहे. लिटरला ०.२ मिलिग्रॅमच्या आसपास तांबं असलं की मासा बरा होतो आणि कोळंबी मरते.

"म्हणजे धातू," काका म्हणाले. "आता तो बाहेरून येतोय की आतच आहे?"

बाहेरच्या पाण्यापासून सुरुवात केली. नळाचं पाणी मी आरओ आणि रेझिनमधून गाळून घेते. टीडीएस मीटर शून्य दाखवत होता. काकांचं त्यावर समाधान नव्हतं. मीटर विरघळलेले क्षार मोजतो, क्लोरीन मोजत नाही, आणि आमच्या गावच्या पाण्यात क्लोरामाइन असतं. मग क्लोरीनचा किट आणला. मुंबईत ते ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून पिवळा रंग बघत. इथला किट निराळा, पण नळी उजेडाला धरून डोळे बारीक करायची सवय तीच. क्लोरीनही नव्हतं.

त्यांनी पुन्हा विचारलं, "पाणी बदललंस की कसं असतं?"

"दोन-तीन दिवस बरं दिसतं. मग पुन्हा तेच."

"मग नव्या पाण्यात दोष नाही. असता तर बदलल्यावर बिघडलं असतं. ते टँकमध्येच कुठेतरी तयार होतंय."

माझ्याकडच्या किटला इतकं कमी तांबं दिसत नव्हतं. म्हणून पॉलीफिल्टर नावाची पांढरी पट्टी आणून प्रवाहात ठेवली. तांबं शोषलं की ती निळसर होते, लोखंड असलं तर तांबूस. काका रोज येऊन आधी ती पाहत, मग चहा घेत. ती निळसर झाली त्या दिवशी ते चहा न घेताच उभे राहिले आणि म्हणाले, "पाण्यात जे जे बुडलंय ते एकेक करून काढ."

दगडांच्या मागे, डोळ्यांआड, लाटा करणारा एक छोटा पंप होता. चालत उत्तम होता. त्याचा फिरणारा गाभा बाहेर काढला, तर चुंबकावरचं आवरण तडकलं होतं आणि आत गंज फुगला होता. असे चुंबक निओडिमियम, लोखंड आणि बोरॉनचे असतात. त्यांच्यावर बहुधा निकेल, मग तांबं, मग पुन्हा निकेल असा मुलामा असतो. बाहेरचं आवरण फुटलं की खारं पाणी उरलेलं काम करतं. नंतर प्रयोगशाळेतून आयसीपी चाचणीचा अहवाल आला. तांबं आणि निकेल दोन्ही वाढलेले. आर्गॉनच्या प्लाझ्मात प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या रंगाचा उजेड देतं, त्यावरून ही चाचणी चालते. काकांनी अहवाल शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, "पट्टीने आधीच सांगितलं होतं," म्हणाले आणि वहीत चिकटवून ठेवला.

पंप गेला, कार्बन आला, पट्ट्या बदलत राहिलो. पांढरा पट्टा थांबला. काका मुंबईला परतले त्यानंतर कधीतरी उघड्या सांगाड्यावर नवं मांस चढू लागलं. जी प्रवाळं पूर्ण गेली, ती मी पूर्वी ज्यांना फांद्या दिल्या होत्या त्यांच्याकडून परत आली.

आता आसपासचे लोक मला बोलावतात. मी वही घेऊन जाते, आधी जगलेल्यांचा रकाना भरते आणि पैसे घेत नाही, कारण काकांनी चहापलीकडे काही घेतलं नव्हतं. फोनवर त्यांना हे सांगितलं, तर ते थोडा वेळ गप्प राहिले.

"अगं, ते माझं नाही. माझ्या पहिल्या साहेबांचं. पावसाळ्यात गॅस्ट्रोची साथ आली की ते चाळीत जाऊन आधी बऱ्या माणसांची दारं वाजवायचे. लोक वैतागायचे. मी मागून बाटल्यांची पेटी घेऊन. त्यांना हे सांगायचं माझं राहून गेलं. तू मला सांगितलंस, बरं झालं."

साहेबांचं नाव मी विचारून घेतलं. कुणाच्या घरी टँक पाहायला गेले आणि त्यांनी आभार मानले, की मी दोघांची नावं सांगते.