चारठाण्याची काळी माती

जिंतुराहून मंठ्याच्या वाटेनें पश्चिमेस निघालें म्हणजे थोड्याच वेळांत चारठाणा हें गांव लागतें. परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यांतील हें गांव यादवकालीन देवालयांसाठीं जाणत्या प्रवाशांच्या परिचयाचें आहे. वेरूळ-अजिंठ्याकडे जी रीघ लागते तिच्या शतांशानेंहि इकडे कोणी फिरकत नाहीं; त्यामुळें येथें येणाऱ्यास निवांतपणा मात्र भरपूर लाभतो. गोकुळेश्वराचें मंदिर, पायऱ्यापायऱ्यांनीं खालीं उतरत जाणारी बारव आणि मोकळ्या आकाशाखालीं एकटाच उभा असलेला कोरीव स्तंभ एवढें पाहिलें, तरी आपल्या पूर्वजांनीं पाषाणाला कसें वळण लावलें होतें याची साक्ष पटते. चुन्यावांचून दगडावर दगड बसवून उभारलेल्या अशा इमारतींस आपण सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणतों. प्रधानाचें नांव सर्वांच्या मुखीं राहिलें. ज्यांनीं छिन्नी चालविली ते मात्र निनांवीच राहिले.

आम्ही गेलों तेव्हां उन्हाळा सरत आला होता. देवालयें पाहून शिवारांत उतरलों तों जमिनीला हात हात खोल भेगा पडलेल्या. बरोबरच्या मुलांनीं त्या भेगांत काड्या सोडून खोली मोजण्याचा खेळ मांडला, आणि त्यांतल्या एकानें विचारलें कीं, जी माती नुसत्या उन्हानें अशी फाटते तिचें मडकें कसें होतें? प्रश्न लहान असला तरी उत्तर लहान नाहीं, आणि तेंच उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

देवालयाचा काळा पाषाण व शेतांतील काळी माती हीं एकाच घरचीं. दख्खनच्या पठारावर सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं ज्वालामुखीचा रस थरावर थर पसरून जो पाषाण बनला, त्याचीच ऊनपावसानें झीज होऊन ही माती झाली. पाणी मिळालें कीं ती फुगते, सुकली कीं आकसते. कापसाला ती मानवते, कारण तिच्यांत ओल पुष्कळ दिवस टिकते. कुंभाराला मात्र तिचें आकसणें वैरी ठरतें. निव्वळ काळ्या मातीचें भांडें चाकावरून सुरेख उतरेल, पण सुकतां सुकतां तडकेल. म्हणून कुंभार तळ्याचा किंवा ओढ्याचा गाळ आणतो, त्यांत राख, बारीक वाळू किंवा घोड्याची लीद मिसळतो, आणि पायांनीं तुडवून तुडवून सारें एकजीव करतो. राख व वाळू मातीचें आकसणें आवरतात. लीद भाजतांना जळून जाते व तिच्या जागीं सूक्ष्म छिद्रें राहतात. त्या छिद्रांतून झिरपणारें पाणी वाऱ्यानें सुकतें, सुकतांना आंतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातें, आणि ऐन वैशाखांत आपल्या माजघरांतला माठ गार राहतो.

चाकावर तर मडक्याचा केवळ आरंभ होतो. अर्धवट सुकलेल्या मडक्यांत आंतून दगडी गोटा धरून बाहेरून लाकडी थापटण्यानें ठोकीत गेलें म्हणजे जाड भिंत पातळ होते व पोटाला गोलाई येते. मग आवा रचतात. गोवऱ्या, काटक्या व भुसा यांच्या राशींत मडकीं मांडून तो पेटवितात. तेथील उष्णता सामान्यतः हजार अंशांच्या आंतच राहते. कोणत्या ओढ्याचा गाळ घ्यावा, राख किती घालावी, दमट हवेंत भांडें किती दिवस सावलींत ठेवावें, हें सारें कुंभाराच्या हाताला ठाऊक असतें. कागदावर त्यांतलें कांहींच नसतें.

चारठाण्याचा पाषाण पाहिल्यावर माती म्हणजे क्षणभंगुर असें वाटूं लागतें. तो भ्रम घालवावयाचा असेल तर मराठवाड्यांतीलच दुसऱ्या एका गांवीं जावें. धाराशिव जिल्ह्यांतील, तेरणेच्या कांठचें तेर हें तें गांव होय. हेंच प्राचीन तगर. दोन हजार वर्षांपूर्वींच्या ग्रीक प्रवासवर्णनांत त्याचा उल्लेख आहे. तेथील त्रिविक्रमाचें मंदिर विटांचें असून तें चारठाण्याच्या देवालयांहून कित्येक शतकांनीं जुनें आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनीं जमविलेल्या वस्तूंचें संग्रहालय तेथें आहे, त्यांत सातवाहनकाळच्या भाजक्या मातीच्या मूर्ति पाहावयास मिळतात. आणि ह्याच तेरचे गोरोबाकाका! संतमेळ्यांत त्यांनीं थापटण्यानें एकेकाचें मस्तक ठोकून पाहिलें व नामदेवांचें मडकें कच्चें ठरविलें, ही कथा आपल्या घरांतून आजीच्या तोंडून कोणीं ऐकली नाहीं? परंतु ती कथा ऐकतांना आपण अध्यात्म घेतों आणि कारागिरी सोडून देतों. भाजलेल्या मडक्याचा खणखणीत आवाज व कच्च्याचा बद्द आवाज ज्याच्या कानीं मुरला आहे, त्यालाच अशी परीक्षा सुचावी.

आज हीच माती शिकलेल्या मंडळींच्याहि हातीं आली आहे, आणि ही गोष्ट कौतुकाची आहे. शांतिनिकेतनांत शिकलेले देवीप्रसाद १९४४ सालीं वर्ध्याजवळच्या सेवाग्रामांत कलाशिक्षक म्हणून आले व १९६२ पर्यंत तेथें राहिले. मुलाच्या हाताला काम मिळालें म्हणजे त्याच्या बुद्धीलाहि वळण लागतें असा त्यांचा विश्वास, आणि माती हें त्या कामाचें साधन. सरदार गुरचरण सिंग हे १९२० च्या सुमारास जपानांत जाऊन आले. तेथें त्यांचा यानागी, हामादा व बर्नार्ड लीच ह्या मंडळींशीं परिचय झाला. निनांवी कारागिरानें रोजच्या वापरासाठीं केलेल्या भांड्यांतच खरें सौंदर्य असतें असें यानागींचें म्हणणें होतें. आणि हामादा तर जगद्विख्यात झाल्यावरहि आपल्या भांड्यांवर नांव घालीत नसत.

निर्मला पटवर्धन यांची वाट वेगळी. त्यांचें लक्ष झिलईकडे, म्हणजे भांड्यावर काचेसारख्या वितळून बसणाऱ्या लेपाकडे. बाराशे-तेराशे अंशांच्या भट्टींत कोणती भुकटी किती प्रमाणांत घातली असतां कोणता रंग येतो, हें त्यांनीं वर्षानुवर्षें पारखलें, आणि तें गुपित न ठेवतां कुंभारकामावरील आपल्या इंग्रजी ग्रंथांत सर्वांसाठीं खुलें केलें. ब्रह्मदेव राम पंडित हे बिहारांतील कुंभाराच्या घरीं जन्मले. मुंबईजवळ भाईंदर येथें त्यांनीं भट्टी थाटली व वडिलोपार्जित चाकाला नव्या झिलईची जोड दिली. २०१३ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. पाँडिचेरीस १९७१ मध्यें डेबोरा स्मिथ यांच्यासह कुंभारशाळा काढणाऱ्या रे मीकर यांनीं तर कच्च्या विटांचें सबंध घर बांधून, तेंच आव्यासारखें आंतून पेटवून भाजण्याचे प्रयोग केले. २०१८ सालीं जयपुरांत मृत्कलेचें मोठें प्रदर्शन भरलें, त्यांत देशोदेशींच्या कलावंतांच्या कृति होत्या. ह्या नव्या मंडळींपैकीं कित्येक जण भांडें करीतच नाहींत. मातीचा तडा, तिचें वांकणें, तिचें विरघळणें हाच त्यांचा विषय. जी भेग चारठाण्याच्या कुंभाराची हानि, ती कलावंताच्या हातीं अर्थ होऊन बसते.

ह्या दोहोंत श्रेष्ठ कोण हा वाद आम्हांस घालावयाचा नाहीं. कलावंत मातीला प्रश्न विचारतो, कुंभार तिला उत्तर देतो. दोघांची गरज आहे. पण दोघांना आपण जो मान देतों त्यांतील अंतर डोळ्यांत भरतें. प्रदर्शनांतील पात्राची किंमत आपण निमूटपणें वाचतों. संक्रांतीच्या सुगडांसाठीं, नवरात्राच्या घटासाठीं, अक्षय्य तृतीयेच्या करकेळीसाठीं मात्र घासाघीस करतों. सण सरला कीं कुंभाराची आठवणहि सरते. त्याचा मुलगा चाकाऐवजीं शहराची वाट धरतो यांत त्याचा दोष कोणता?

देवालयें जतन करण्यासाठीं पुराणवस्तु खातें आहे. ढळलेला दगड पुन्हां बसवितां येतो. कुंभाराच्या हातांतलें ज्ञान एकदां गेलें कीं कोणत्याहि खात्यास तें परत आणतां यावयाचें नाहीं, कारण तें त्या गांवच्या मातीपुरतें असतें. जिंतुराकडची रीत कोंकणांत चालणार नाहीं. तें टिकवितां येतें हें चंद्रपूर जिल्ह्यांतील भद्रावतीनें दाखविलें आहे. कृष्णमूर्ति मिरमिरा यांनीं तेथें उभारलेल्या ग्रामोदय संघांत कुंभारांना आपलाच धंदा सुधारून करण्याचें शिक्षण मिळालें. एवढें मोठें काम प्रत्येकास झेपेल असें नाहीं. परंतु माठ घेतांना भाव पाडूं नये आणि सणापलीकडेहि दह्याला मातीचें गाडगें वापरावें, इतकें तर कोणत्याहि गृहिणीस करतां येईल. आणि घरांतील शिकत्या मुलामुलींस सुट्टींत गांवच्या कुंभाराकडे वही घेऊन बसवावें: माती कोठली, राख किती, आवा किती वेळ, हें त्याच्याच शब्दांत, त्याचें नांव वर घालून, उतरवून घ्यावें. निर्मलाबाईंनीं आपल्या झिलईसाठीं जें केलें, तेंच ह्या काळ्या मातीसाठीं कोणी तरी केलें पाहिजे. आणि लिहितां-वाचतां येणाऱ्या घरांनीं तें केलें नाहीं तर दुसरें कोण करणार?