निवळायला लागणारा वेळ

मृगाची पहिली सर कोसळली की मी अकोल्यात मोर्णा नदीला मिळणाऱ्या एका नाल्यावर बाटल्या घेऊन उभा असतो. मला पहिल्या पंधरा-वीस मिनिटांचंच पाणी हवं असतं. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेलं सगळं त्यात उतरतं. टायरची झीज, ब्रेकची पूड, डांबरातून सुटलेली कच आणि आपली काळी माती. अमरावती-अकोला महामार्गावर जून 2022 मध्ये 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबरीकरण झालं, गिनीजमध्ये नोंद झाली. पण रस्ता कितीही चांगला झाला तरी शेतातून वर चढणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर माती येणारच.

प्रयोगशाळेत ते पाणी लिटरभराच्या उंच काचपात्रात ओततो, तोंडावर तळहात दाबून उलटंसुलटं करतो आणि टेबलावर ठेवतो. रेती बघता बघता तळ गाठते. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा कण सेकंदाला सात-आठ मिलिमीटर उतरतो. त्याच्या दसपट बारीक कणाला मीटरभर उतरायला तीन तास लागतात, कारण कण दसपट बारीक झाला की वेग शंभरपट घटतो. स्टोक्सने 1851 साली मांडलेला हा नियम आजही आमच्या रोजच्या कामाचा आहे. दोन मायक्रॉनच्या चिकणमातीला तेवढ्याच अंतराला तीन दिवस लागतात, तेही पाणी अजिबात हललं नाही तर.

तिसऱ्या दिवशीही माझ्या पात्रात वरचं पाणी चहासारखंच दिसतं. काळ्या मातीचे पापुद्रे एकमेकांना दूर लोटतात, आणि पावसाच्या पाण्यात त्यांना जवळ आणणारे क्षार जवळपास नसतातच. हीच माती विहिरीच्या जड पाण्यात कालवा, सकाळपर्यंत तिचे पुंजके होऊन खाली बसलेले दिसतील. माठात तुरटी फिरवतो तेव्हा हेच घडतं. पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातली सोडियम मुरलेली माती तर पावसाच्या पाण्यात आणखीच विरघळल्यासारखी सुटते. आणि रस्त्यावरचे जड धातू, तेलकटपणा प्रामुख्याने चिकटून बसतात ते या बारीक कणांनाच.

एका रस्त्याच्या कामात आम्ही गाळकुंडी चांगली दोन मीटर खोल घेतली होती. खोली असली की गाळ बसेल, अशी सगळ्यांची समजूत. पहिल्याच मोठ्या पावसात पाणी आत शिरलं, तळाचा जुना गाळही घुसळून सोबत घेत बाहेर पडलं. गाळ किती बसेल ते कुंडीच्या क्षेत्रफळावर ठरतं, खोलीवर नाही, हे अभियंते हेझन यांनी 1904 मध्येच दाखवलं होतं. हिशेब सोपा आहे. सेकंदाला दहा लिटर, म्हणजे बादलीभर पाणी येत असेल, तर दहा मायक्रॉनचे कण बसवायला जवळपास शंभर चौरस मीटर जागा हवी. दोन मायक्रॉनसाठी अर्ध्या एकराहून जास्त. गावातल्या नालीजवळ एवढी जागा कोण देणार?

ती कुंडी मोजत असताना रस्ता झाडणाऱ्या एक मावशी थांबून पाहत होत्या. म्हणाल्या, "भाऊ, पानी आल्यावर माती धराले जाता, त्याच्या आंधीच काऊन नाई झाडून नेत?"

माझ्या सगळ्या मोजमापाचं उत्तर तिथेच आहे. कुंड्या हव्यातच, पण पसरट, आणि दरवर्षी उपसलेल्या. त्या रेती अडवतील. चिकणमाती मात्र कोरडी असतानाच उचलायला हवी. 13 जानेवारी 2018 ला हजारो अकोलेकर मोर्णेच्या काठांवर उतरले आणि चार किलोमीटरचा पट्टा साफ केला. तेवढी सगळी माणसं नकोत, त्यातली थोडी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आपापल्या रस्त्याच्या कडेला उतरली तरी पुष्कळ होईल. फक्त एक विनंती: झाडलेल्या मातीचा ढीग नालीच्या तोंडाशी ठेवू नका. त्याच दिवशी उचलून न्या.