चार दिवसांच्या रजेत समुद्र आणि जंगल

महापेच्या मिलेनियम बिझनेस पार्कजवळ कटिंग घेता घेता मैत्रिणीने मोबाइलवर बालीचं पॅकेज दाखवलं. स्नॉर्कलिंग, रेनफॉरेस्ट ट्रेक, सगळं एकदम! प्रॉब्लेम एकच. रजा शिल्लक चार दिवस. ‘मग सिंधुदुर्गात जाऊ या ना,’ मी म्हटलं. तिचा चेहरा पडला.

पण हिशेब बघा. रात्री पनवेलहून कोकण रेल्वे, सकाळी कुडाळ, तिथून तासाभरात मालवण. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास समुद्रात प्रवाळ आहेत. १९८७ पासून इथे सागरी अभयारण्य आहे. दोन दिवस पाण्यात, मग सावंतवाडीमार्गे थेट आंबोली. सुमारे ७०० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या दाट जंगलात.

गोची आहे ती सीझनची. आंबोलीचं जंगल खरं जागं होतं पावसात. २००९ साली शास्त्रीय नाव मिळालेला ‘आंबोली टोड’ तेव्हाच दिसतो. पण पावसाळ्यात समुद्र खवळलेला, स्नॉर्कलिंग बंद. नोव्हेंबरनंतर पाणी नितळ, तर बेडूक गप्प!

आम्ही नोव्हेंबर पक्का केला. मला मालवणात एक जुनी चूक सुधारायची आहे. मागच्या खेपेला फोटोसाठी मी प्रवाळावर चक्क उभी राहिले. होडीवाले मामा ओरडले, ‘अहो, दगड नाही तो, जिवंत आहे!’ काही प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात, हे नंतर वाचलं आणि तो फोटो डिलीट केला.

तेव्हा लाइफ जॅकेट घाला, तरंगा, पाय वर ठेवा. आणि आंबोलीच्या बेडकांसाठी जुलैतली एक रजा बॉसला आत्ताच सांगून ठेवा.