हात न लावण्याची परीक्षा

2008 साली आलेल्या पायथन 3 मध्ये जुना कोड नेणाऱ्या 'टू-टू-थ्री' या साधनाच्या चाचण्या वाचल्या, की एक गोष्ट पटते: चाचण्यांमधल्या मदतनीस कोडचं खरं मोल त्यातल्या 'अनचेंज्ड' या फंक्शनात आहे. त्यातलं 'चेक' हे फंक्शन साधनाने बदललेला कोड अपेक्षित कोडशी ताडून पाहतं. 'अनचेंज्ड' मात्र विचारतं, नको तिथे हात लावला का? उदाहरणार्थ, डिक्शनरीच्या 'कीज'भोवती 'लिस्ट' घालणं योग्य, पण ती आधीच असेल तर दुसरी नको. कुणी म्हणेल, बदललेला कोड चालवून पाहिला की पुरे. पण दुहेरी 'लिस्ट'ही बिनतक्रार चालते. वाया जातो तो तपासणाऱ्याचा वेळ आणि उडतो तो साधनावरचा विश्वास. म्हणून 'जैसे थे'ची चाचणीही एका ओळीत लिहिता यायला हवी. ती कंटाळवाणी झाली, तर आधी तीच गाळली जाते.